रेसकारला एक सेन्सर वाढवायचा, तर आठवडा कशाला लागतो?

फॉर्म्युला वनची शर्यत टीव्हीवर लागली की पडद्याच्या कोपऱ्यात दोन पट्ट्या सारख्या वरखाली होताना दिसतात. एक ॲक्सिलरेटरची, दुसरी ब्रेकची. ड्रायव्हरच्या पायाखाली काय चाललंय ते घरात बसलेल्या माणसाला जवळजवळ त्याच क्षणी कळतं. त्या एकेका गाडीत तीनशेच्या आसपास सेन्सर असतात.

आपल्याकडे छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलंही एका माणसाची छोटी रेसकार किंवा खडबडीत रस्त्यावरच्या ‘बाहा’ स्पर्धेची बग्गी बनवतात. रेसकार घेऊन कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेला जायचं, बग्गी घेऊन मध्य प्रदेशात पिथमपूरला. अशा गाडीत सेन्सर जेमतेम आठ-दहा. मग मुलं सांगतात, ‘ब्रेकच्या दाबाचा सेन्सर बसवायचाय, आठवडा जाईल,’ आणि घरचे, प्राचार्य, पैशांची मदत करणारे वाळूजचे कारखानदार, सगळे एकच विचारतात: अंगठ्याएवढी वस्तू, तीन वायरी, त्याला आठवडा?

प्रश्न रास्त आहे. बसवायला खरंच अर्धा दिवस पुरतो. बाकीचे दिवस जातात ते त्या सेन्सरने दिलेला आकडा खरा आहे का, हे तपासण्यात. पडद्यावर आकडा उमटला की मुलं खूश होतात, ‘सर, आकडा यायलाय की!’ आकडा तर येणारच. लॉगरला, म्हणजे आकडे नोंदवणाऱ्या पेटीला, जे काही मिळेल त्याचा तो आकडाच करतो. तो आकडा ब्रेकचा आहे, पंख्याचा आहे की तुटक्या वायरीचा, हे लॉगरला कळत नाही. ते आपल्याला शोधावं लागतं.

सेन्सर, लॉगर, चॅनेल

दाब, तापमान, वेग, हालचाल यांपैकी एखादी गोष्ट विजेच्या रूपात सांगतो तो सेन्सर. ती वीज ठरावीक अंतराने मोजून वेळेसकट साठवते ती पेटी म्हणजे लॉगर. प्रत्येक सेन्सरची लॉगरमध्ये जी वेगळी नोंद राहते तिला चॅनेल म्हणतात. इटलीच्या एआयएम, ऑस्ट्रेलियाच्या मोटेक या कंपन्यांचे लॉगर जगभर चालतात. मायक्रोकंट्रोलर आणि मेमरी कार्ड जोडून स्वतःच लॉगर बनवणारी कॉलेजंही आहेत, आणि नीट बनवला तर तोही उत्तम काम देतो.

ब्रेकच्या दाबाचा सेन्सर उदाहरणाला घेऊ. ड्रायव्हर पेडल दाबतो, मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइलवर दाब टाकतो, तो दाब नळीतून चाकाजवळच्या कॅलिपरपर्यंत पोचतो आणि त्यातले पॅड चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला धरतात. या नळीत टी-जोड टाकून सेन्सर बसवतात. चाकाजवळ डिस्कची धग असते, म्हणून मास्टर सिलिंडरजवळची जागा बरी. नळी सुटली की हवा शिरतेच. तेव्हा त्या सर्किटच्या (पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या ब्रेक नळ्यांच्या) ब्रेकची हवा काढायची, मग एकाने पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्याने टॉर्च मारून वॉशरच्या कडेने ऑइल पाझरतंय का ते बघायचं. हे झाल्याशिवाय गाडी जागची हलवू नये. सेन्सर बिघडला तर एक आलेख कमी पडेल, पण जोड गळला तर गाडी नीट थांबणार नाही. याबाबतीत माझं मत अगदी कडक आहे.

दाबाचे व्होल्ट, व्होल्टचा दाब

अशा सेन्सरला तीन वायरी असतात. एकीतून ५ व्होल्टचा पुरवठा, दुसरी ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्ट धरायची परतीची वायर, तिसरीतून सिग्नल. बाजारात सर्रास मिळणारा प्रकार म्हणजे दाब शून्य असताना ०.५ व्होल्ट आणि पूर्ण दाबाला ४.५ व्होल्ट देणारा. समजा पूर्ण दाब १०० बार आहे. (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका दाब.) म्हणजे ४ व्होल्टच्या पट्ट्यात १०० बार मावले, एका बारला ४० मिलिव्होल्ट. सिग्नलवर २.५ व्होल्ट आले तर त्यातून ०.५ वजा करायचे, उरलेल्या २ व्होल्टला २५ ने गुणायचं, उत्तर ५० बार.

गणित सातवीतलं आहे. मात्र ‘एका बारला ४० मिलिव्होल्ट’ हा आकडा लक्षात असू द्या, कारण पुढच्या सगळ्या भानगडी या ४० मिलिव्होल्टांशी खेळतात.

पहिली भानगड पुरवठ्याची. यातले बरेच सेन्सर पुरवठ्याच्या प्रमाणात सिग्नल देतात. पुरवठा ५ चा ४.८ व्होल्ट झाला तर ५० बारला २.५ ऐवजी २.४ व्होल्टच येतात. लॉगर ५ व्होल्ट धरून हिशेब करत असेल तर तो ४७.५ बार दाखवतो. ब्रेक तोच, पाय तोच, अडीच बार गायब. म्हणून सेन्सरला पुरवठा लॉगरच्याच ५ व्होल्टच्या पिनेवरून द्यायचा आणि लॉगरने त्याच पुरवठ्याच्या तुलनेत मोजायचं. मग दोन्ही बरोबरीने वरखाली होतात आणि उत्तर बदलत नाही.

दाब नसताना अर्धा व्होल्ट कशाला?

शून्याला शून्य व्होल्ट ठेवले असते तर हिशेब सोपा झाला असता, असं कुणालाही वाटेल. पण मग वायर तुटली तरी शून्यच दिसलं असतं आणि ‘ब्रेक लावला नाही’ व ‘वायर तुटली’ यांतला फरक कळला नसता. अर्ध्या व्होल्टवरून सुरुवात केली की ०.५ म्हणजे सेन्सर जिवंत आहे, दाब नाही, आणि ०.१ म्हणजे वायर किंवा कनेक्टर गेला. यासाठी लॉगरच्या बाजूला सिग्नल आणि ग्राउंड यांच्यामध्ये एक मोठा रेझिस्टर असावा लागतो, नाहीतर तुटलेली वायर अधांतरी राहून वाटेल तो आकडा दाखवते.

वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत इन्स्ट्रुमेंटेशन सांभाळणाऱ्यांना ही युक्ती नवी नाही. तिथली ४ ते २० मिलिअँपिअरची पद्धत याच विचाराची आहे: ४ म्हणजे शून्य, आणि शून्य म्हणजे बिघाड.

रेसकारमध्ये हा विचार आणखी पुढे नेलाय. फॉर्म्युला स्टुडंट या कॉलेजच्या मुलांच्या रेसकार स्पर्धेच्या नियमांत इलेक्ट्रिक गाडीच्या ॲक्सिलरेटर पेडलला दोन सेन्सर लागतात. दोघांच्या सांगण्यात पेडलच्या हालचालीच्या १० टक्क्यांहून जास्त तफावत १०० मिलिसेकंदांपेक्षा अधिक टिकली, तर मोटरची वीज लगेच तोडायची असते. एका सेन्सरच्या शब्दावर माणसाचा जीव टाकायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वायर ती वायर, तिच्यात काय बघायचं?

बहुतेक आठवडे इथेच जातात. नवा सेन्सर बसला, गाडी बंद असताना आकडा स्वच्छ. इंजिन सुरू केलं की आलेख काटेरी बाभळीसारखा. इग्निशन कॉइलमधून हजारो व्होल्टची ठिणगी सुटते आणि तिच्या शेजारून गेलेल्या सिग्नल वायरीत तिचे धक्के उतरतात. २०० मिलिव्होल्टचा एक धक्का म्हणजे आपल्या हिशेबात ५ बार. सिग्नल आणि ग्राउंडच्या वायरी एकमेकींना पीळ देऊन न्यायच्या, कॉइल आणि प्लगच्या वायरीपासून लांबून न्यायच्या, जाळीवाली वायर वापरली तर जाळी एकाच टोकाला, लॉगरच्या बाजूला जोडायची. दोन्ही टोकांना जोडली तर जाळीतूनच करंट फिरायला लागतो.

दुसरा प्रकार फार फसवा असतो. सोय म्हणून कुणीतरी सेन्सरचं ग्राउंड जवळच्या चॅसिसच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) पाइपाला जोडतं. सगळं ठीक चालतं. गाडी तापते, रेडिएटरचा पंखा सुरू होतो, पंख्याचा करंट त्याच चॅसिसमधून बॅटरीकडे परततो आणि त्या पाइपाचं ग्राउंड लॉगरच्या ग्राउंडपेक्षा समजा ५० मिलिव्होल्टने वर उचललं जातं. आता आलेखात काय दिसेल? पाय ब्रेकवर नाही, तरी दाब सव्वा बारने वाढला. पंखा बंद, दाब उतरला. मुलं मास्टर सिलिंडर खोलून बसतात, ‘पेडल परत येत नाहीये का?’ म्हणून. इलाज साधा आहे: सेन्सरचं ग्राउंड स्वतंत्र वायरीने थेट लॉगरच्या ग्राउंड पिनेवर आणायचं, वाटेत कुठेही चॅसिसला टेकवायचं नाही.

शिवाय थरथर आहेच. या गाड्यांत केटीएम ३९० चं ३७३ सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन बरंच वापरलं जातं, आणि ते गाडीला हादरवतं. सोल्डर केलेला जोड ताठ होतो, आणि जिथे ताठपणा संपतो तिथेच वायर तुटते. म्हणून नीट क्रिम्प केलेला (दाबून घट्ट बसवलेला) कनेक्टर, त्याच्या मागे वायरीला थोडी ढील, आणि बोटभर अंतरावर बांधणी.

कंपनीच्या कागदावर आकडे असताना पुन्हा तपासायचं कशाला?

लातूरच्या किंवा कुठल्याही बाजार समितीत सोयाबीन घेऊन गेलेल्याला हे सांगावं लागत नाही. मॉइश्चर मीटर आडत्याच्या टेबलावर असतं. त्याने ओलावा १२ टक्के दाखवला तर माल चालला, १४ दाखवला तर भाव उतरला. २०२४ च्या हंगामात केंद्राने हमीभावाच्या खरेदीसाठी ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत वाढवली, तेव्हा या दोन-तीन टक्क्यांवर किती पैसे अडकलेले असतात ते सगळ्यांना दिसलं. शेतकरी विचारतो, ‘हे मीटर शेवटचं कधी तपासलं? शेजारच्या मीटरवर घालून बघा.’ मीटर बनवणाऱ्या कंपनीचं नाव कितीही मोठं असो, तो प्रश्न चुकीचा ठरत नाही. सेन्सरलाही नेमका हाच प्रश्न विचारायचा असतो, आणि त्याचं उत्तर शोधण्याला कॅलिब्रेशन म्हणतात.

आपल्या ब्रेक सेन्सरसाठी ते असं करतात. त्याच नळीत काट्याचा, आधी तपासलेला प्रेशर गेज जोडायचा. पेडल मोकळं ठेवून व्होल्ट लिहायचे. मग पेडल दाबून काटा २० बारवर स्थिर करायचा, व्होल्ट लिहायचे. ४० ला, ६० ला तसंच. दाब उतरवतानाही पुन्हा तेच आकडे घ्यायचे. कागदावर बिंदू मांडले की सरळ रेष यायला हवी. रेष सरळ आहे पण शून्याला ०.५ ऐवजी ०.५८ व्होल्ट दिसले, तर सेन्सर मुळातच २ बार जास्त सांगतोय. ते शून्य लॉगरमध्ये दुरुस्त करायचं. रेषच वाकडी असेल तर सेन्सर परत करायचा. चढताना एक आणि उतरताना दुसराच आकडा येत असेल तरीही परत.

मराठवाड्यात हे काम दोन वेळा करावं, असं माझं सांगणं आहे. जानेवारीच्या सकाळी शेडमध्ये घेतलेलं शून्य आणि मे महिन्यात ४२ अंशांत, डांबराच्या वर तापलेल्या गाडीत घेतलेलं शून्य सारखंच येईल याची हमी नसते.

सेकंदाला किती वेळा मोजायचं?

पाण्याचं तापमान सेकंदातून एकदा मोजलं तरी पुरे. ते हळूहळूच बदलतं. ब्रेकचा दाब क्षणार्धात चढतो. ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. सेकंदाला १० वेळा मोजलं तर दोन नोंदींमध्ये पावणेतीन मीटर निघून गेले, आणि ब्रेक नेमका कुठे लागला हे त्या फटीत हरवलं. १०० वेळा मोजलं तर ती फट २८ सेंटिमीटरची.

सस्पेन्शनच्या बाबतीत कमी वेळा मोजणं चक्क खोटं बोलतं. समजा चाक खडबडीत रस्त्यावर सेकंदाला १२ वेळा वरखाली होतंय आणि लॉगर सेकंदाला १० वेळा बघतोय. आलेखात चाक सेकंदाला फक्त २ वेळा हललेलं दिसेल. वाईट म्हणजे गाडीचा सांगाडा साधारण तेवढ्याच संथपणे झुलू शकतो, त्यामुळे आलेख अगदी पटण्यासारखा दिसतो. मुलं स्प्रिंग बदलतात आणि मूळ दुखणं तिथेच राहतं. हालचालीच्या किमान दुप्पट वेगाने मोजणं ही अगदी शेवटची मर्यादा. कामाचा आलेख हवा तर दहापट धरा. त्यासोबत, आपल्याला नको ती जलद थरथर मोजण्याआधीच गाळून टाकणारा फिल्टरही लावा.

मग सगळंच जास्तीत जास्त ठेवलं तर? जागेचा प्रश्न नाही. दोन बाइटची एक नोंद, सेकंदाला २०० वेळा, वीस मिनिटं: ४८० किलोबाइट. एका फोटोपेक्षाही कमी. अडचण वेगळीकडे आहे, ती गाडीतल्या निरोपांच्या रस्त्यावर.

कॅन: दोन वायरींवरची वर्दळ

इंजिनचा कंट्रोलर, लॉगर, डॅशबोर्ड यांना जोडणाऱ्या दोन वायरींच्या जाळ्याला कॅन म्हणतात. बॉश कंपनीने ते १९८६ साली जगापुढे आणलं आणि आज दारातल्या साध्या मोटारीतही ते असतं. यावर प्रत्येक निरोपाला एक क्रमांक असतो. दोघांनी एकदम बोलायला सुरुवात केली तर लहान क्रमांकाचा निरोप आधी जातो, दुसरा थांबतो. नेहमीच्या ५०० किलोबिटच्या वेगाला सेकंदाला साधारण चार हजार पूर्ण निरोप मावतात आणि इंजिनच्या कंट्रोलरने त्यातला वाटा आधीच घेतलेला असतो. म्हणून नव्या सेन्सरने उगाच हजार वेळा ओरडायचं नाही.

नवा सेन्सर कॅनवरून जोडताना तीन गोष्टी हमखास चुकतात. निरोपाचा क्रमांक आधीच दुसऱ्याचा असतो. वेग जुळत नाही, आणि मग नवा भाग ‘चूक, चूक’ असे निरोप पाठवत सुटतो व सगळ्यांचंच बोलणं अडतं. तिसरी बाइटच्या क्रमाची. ५०.० बार हा आकडा ५०० म्हणून दोन बाइटमध्ये पाठवतात: १ आणि २४४ (१ गुणिले २५६ अधिक २४४). लॉगरने ते उलटे वाचले तर ६२,४६५ होतात, म्हणजे ६,२४६.५ बार. ही चूक एका नजरेत दिसते, म्हणून तिची भीती नाही.

वायरिंग तपासायला मल्टिमीटर बस्स. जाळ्याच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असायला हवेत. बॅटरी काढून दोन वायरींमध्ये मोजा: ६० ओहम आले तर ठीक. १२० आले तर एक रेझिस्टर सुटलाय. ४० आले तर नव्या सेन्सरच्या डबीतच तिसरा लपलेला आहे, तो काढा.

एवढं करण्यापेक्षा मोबाइल किंवा ड्रायव्हरलाच विचारलं तर?

मोबाइलमध्ये जीपीएस आहे, धक्का मोजणारा सेन्सरही आहे. पण त्याचं जीपीएस बहुधा सेकंदाला एकदा जागा सांगतं. फॉर्म्युला स्टुडंटची सरळ धावण्याची चाचणी ७५ मीटरची, चार-पाच सेकंदांत संपणारी. चार-पाच बिंदूंतून काय कळणार? आणि ब्रेक ऑइलचा दाब मोबाइलला कधीच कळत नाही.

ड्रायव्हरला विचारायलाच हवं. तो सांगतो, ‘ब्रेक लागत नाहीये.’ आता आलेख उघडा. दाब ५० बारपर्यंत चढला तरी गाडी रेंगाळत असेल तर पॅड, डिस्क किंवा टायर बघा. पेडल खोल जातं आणि दाब १५-२० वरच अडतो, तर नळीत हवा आहे. पेडल ताठ आहे पण दाब २० च्या वर जात नाही, तर सीट मागे आहे किंवा पाय नीट पोचत नाही. तक्रार एकच, इलाज तीन. त्यातला कोणता, हे एकटा ड्रायव्हर सांगू शकत नाही आणि एकटा सेन्सरही नाही.

पुढच्या आणि मागच्या सर्किटला एकेक सेन्सर असला की दाबाची वाटणीही कळते. पुढे २० बार, मागे १० बार, म्हणजे पुढचा वाटा ६६.७ टक्के. आता मागच्या सेन्सरचं शून्य दुरुस्त न करता २ बार जास्त राहिलं असं धरा. तो १२ सांगेल आणि पुढचा वाटा ६२.५ टक्के दिसेल. टीम म्हणेल, मागे ब्रेक जास्त लागतोय, आणि वाटणीचा स्क्रू पुढच्या चाकांकडे फिरवेल. चुकीच्या २ बारांवर विसंबून बरोबर असलेली गाडी बिघडवली. मागची चाकं त्यामुळे उशिरा लॉक होतील, म्हणजे फिरायची उशिरा थांबतील, आणि स्पर्धेच्या ब्रेक टेस्टला चारही चाकं लॉक झाल्याशिवाय पुढच्या कुठल्याही धावेला गाडी सोडत नाहीत.

हे आपल्याला जास्त झोंबतं, कारण मराठवाड्यात एकही रेसट्रॅक नाही. चेन्नई-कोइमतूरची मुलं ट्रॅकच्या जवळ राहतात. इथली मुलं कॉलेजच्या मैदानावर ट्रॅफिकचे कोन मांडून, परवानगी मिळेल तेवढा वेळ गाडी चालवतात आणि मग ती ट्रकमध्ये घालून कोइमतूरला, हजारेक किलोमीटरवर नेतात. तिथे दुसरी संधी मिळेलच असं नाही. चालवायला वेळ कमी, म्हणून प्रत्येक फेरीतून मिळणारा आकडा भरवशाचा हवा. तो आठवडा त्यासाठी दिलेला असतो.

हे शिकून पुढे काय?

बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून आहे, एंड्युरन्स ही कंपनी सस्पेन्शन आणि ब्रेक बनवते, शेंद्र्याला स्कोडा आहे. ब्रेक किंवा सस्पेन्शन बनवणाऱ्या कुठल्याही कंपनीत चाचणीचे बाक (टेस्ट बेंच) असतात, आणि त्यांवर हेच सेन्सर, हेच ग्राउंडचे घोळ, हेच कॅलिब्रेशन. मुलाखतीला गेलेला मुलगा ‘आम्ही गाडी बनवली’ म्हणाला तर ऐकणाऱ्याला त्यात नवीन काही नसतं. ‘पंखा सुरू झाला की आमचा ब्रेकचा आलेख सव्वा बारने उचलला जायचा, आम्ही तो असा शोधला’ म्हणाला तर समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढून बसेल, याची मला खात्री आहे.

शेवटी एका कामाचं सांगतो, जे बहुतेक टीम टाळतात. शेवटच्या वर्षाची मुलं पास होऊन गेली की सेन्सरची सगळी माहिती त्यांच्यासोबत जाते आणि नवी टीम पुन्हा पहिल्यापासून वायरी शोधत बसते. प्रत्येक सेन्सरमागे एक कागद करा. सेन्सरचा नंबर, वायरींचे रंग, लॉगरची कोणती पिन, शून्याचे व्होल्ट, २०-४०-६० बारचे व्होल्ट, कॅन असेल तर निरोपाचा क्रमांक आणि बाइटचा क्रम, सेकंदाला किती नोंदी, कॅलिब्रेशनची तारीख आणि त्या दिवशीचं तापमान. तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून लॉगरच्या झाकणाला आतून चिकटवा आणि एक प्रत मार्गदर्शक सरांकडे द्या.